पगार शून्य, काम पूर्णवेळ : माजी पिचर अमेरिकी कॉलेजांत फुकट प्रशिक्षण का द्यायचे?

अमेरिकेत फेब्रुवारीच्या मध्यावर कॉलेज बेसबॉलचा हंगाम सुरू होतो. काही वर्षांपूर्वी एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर गेला असतात, तर एका कोपऱ्यात कुंपणाआड सराव करणारे पिचर दिसले असते. त्यांच्या शेजारी बऱ्याचदा तिशीतला एक माणूस उभा असायचा. अंगात संघाचाच गणवेश, हातात चेंडू, कोपराच्या आतल्या बाजूला शस्त्रक्रियेचा जुना व्रण. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत हाच माणूस पैसे घेऊन चेंडू फेकायचा, म्हणजे व्यावसायिक पिचर होता. आता तो १९-२० वर्षांच्या मुलांना चेंडू कसा धरायचा हे शिकवतोय. संघाच्या यादीत त्याचं पद लिहिलेलं असे : स्वयंसेवक सहायक प्रशिक्षक. पगार : शून्य.

'स्वयंसेवक' म्हटलं की सवडीने येऊन मदत करणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. हा तसा नव्हता. तो सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा, संघाबरोबर दौऱ्यावर जायचा आणि सामन्यानंतर रात्री व्हिडिओ बघत बसायचा. बाकीचे प्रशिक्षक करतात ते जवळपास सगळं काम तो करायचा. पण नियमानेच त्याला पगार देता येत नव्हता. विद्यापीठाकडे पैसे असले आणि ते द्यायची तयारी असली, तरीही नाही.

हा नियम १ जुलै २०२३ पासून रद्द झाला आणि त्यावरून झालेल्या खटल्यांत कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. हा नियम नेमका काय होता, तो कुणी केला आणि माजी पिचर त्यात का अडकायचे, ते समजून घेऊ.

आधी थोडं बेसबॉल : पिचर म्हणजे कोण?

क्रिकेटमध्ये जो गोलंदाज, तो बेसबॉलमध्ये पिचर. पण दोघांच्या कामात बराच फरक आहे. पिचर धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून १८.४४ मीटरवरच्या फलंदाजाकडे तो चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून सरळ करणं म्हणजे 'फेकी' गोलंदाजी, पण पिचरचं सगळं कौशल्य त्या फेकण्यातच असतं.

बेसबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, साधारण १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. अव्वल पातळीवर पिचरच्या वेगवान चेंडूचा सरासरी वेग आता ताशी १५० किलोमीटरच्या पुढे गेला आहे. चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. फक्त वेग असून भागत नाही. स्लायडर शेवटच्या क्षणी बाजूला वळतो. चेंजअप फेकताना हात तितक्याच जोरात फिरतो, पण चेंडू हळू येतो. हा सगळा बोटांच्या पकडीचा आणि मनगटाचा खेळ असतो.

त्याची किंमत कोपर मोजतं. कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो. वर्षानुवर्षं जोरात फेकून तो झिजतो आणि कधी कधी तुटतो. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून त्या जागी बसवला. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया 'टॉमी जॉन' या नावानेच ओळखली जाते. आज मेजर लीगमधल्या साधारण दर तीन पिचरमागे एकाच्या कोपरावर ती झालेली असते. त्यानंतर परतायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि सगळेच परतत नाहीत.

'माजी व्यावसायिक' म्हणजे नक्की किती व्यावसायिक?

व्यावसायिक खेळाडू म्हटलं की आपल्याला कोट्यधीश दिसतो. बेसबॉलमध्ये तसे लोक आहेतच. २०२३ मध्ये मेजर लीगमधल्या नवख्या खेळाडूचाही किमान वार्षिक पगार ७ लाख २० हजार डॉलर होता. पण तिथपर्यंतचा जिना लांब आहे.

दरवर्षी मेजर लीगचे ३० संघ 'ड्राफ्ट'मधून नवे खेळाडू निवडतात. २०१९ पर्यंत या निवडीच्या ४० फेऱ्या व्हायच्या, २०२१ पासून २० होतात. पहिल्या फेरीतल्या मुलाला करारावर सही करताना लाखो डॉलर मिळू शकतात, शेवटच्या फेऱ्यांतल्या मुलाला काही हजारांवर समाधान मानावं लागतं. निवड झाली म्हणजे थेट मेजर लीगमध्ये जाता येत नाही. त्याआधी मायनर लीगच्या पायऱ्या असतात : सिंगल-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. बहुतेक मुलं याच पायऱ्यांवर काही वर्षं काढतात आणि तिथूनच घरी जातात.

या पायऱ्यांवर मिळणारे पैसे फारच थोडे होते. २०२० पर्यंत सिंगल-ए मधल्या खेळाडूचा किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता, तोही फक्त हंगामापुरता. हिवाळ्यात ही मुलं दुकानांत, गोदामांत किंवा शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन गुजराण करायची. २०२१ मध्ये हा आकडा ५०० डॉलर झाला. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू संघटित झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. तेव्हा कुठे सिंगल-ए च्या खालच्या गटाचा किमान वार्षिक पगार २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-ए चा ३५,८०० डॉलर ठरला.

म्हणजे 'माजी व्यावसायिक पिचर' ही ओळख मिरवणाऱ्या बहुतेकांच्या खात्यात फारसं काही नसतं. वय २६-२८, कोपर एकदा उघडून शिवलेलं, बचत जवळपास नाही. आणि अनेकांची पदवी अर्धवट राहिलेली असते. कारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टमध्ये निवड होऊ शकते, आणि संधी आली की मुलं चौथ्या वर्षासाठी थांबत नाहीत.

मग पावलं पुन्हा कॉलेजकडेच का वळतात?

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. मेजर लीगची एक शिष्यवृत्ती योजना आहे. करार करतानाच काही खेळाडूंच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च त्यात मान्य करून घेतलेला असतो. खेळणं थांबलं की ठरावीक मुदतीत शिक्षण पुन्हा सुरू करावं लागतं. त्यामुळे अनेक जण जुन्या कॉलेजात परततात आणि वर्गाबरोबर मैदानावरही दिसू लागतात.

दुसरं कारण म्हणजे त्याला येतं तेच. शाळेपासून त्याने एकच गोष्ट मन लावून केलेली असते. कोणत्या पकडीने चेंडू किती वळतो, दमल्यावर खांदा कसा खाली येतो, फलंदाजाच्या पायांवरून त्याच्या मनातलं कसं ओळखायचं, हे ज्ञान बँकेत किंवा विमा कंपनीत कामाला येत नाही. ते कामाला येईल अशी जागा म्हणजे दुसऱ्या पिचरच्या शेजारची.

तिसरं कारण शिडीचं. कॉलेजच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे 'डिव्हिजन वन'मध्ये, बेसबॉलचे साधारण ३०० संघ आहेत. प्रत्येक संघात पगारी प्रशिक्षकाच्या जागा फक्त तीन होत्या : एक मुख्य आणि दोन सहायक. देशभरात मिळून नऊशेच्या आसपास जागा, आणि त्यासाठी रांगेत दरवर्षी खेळणं थांबवणारे शेकडो खेळाडू. या रांगेत पुढे सरकायचं तर अनुभव हवा, आणि तो मिळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे चौथी, बिनपगारी जागा. एक-दोन वर्षं फुकट काम कर, मुख्य प्रशिक्षकाची नजर पडली तर पुढे कुठेतरी नोकरी लागेल, असा हा हिशेब होता. काहींचा तो जुळायचाही.

हा माणूस दिवसभर करायचा काय?

डिव्हिजन वनमध्ये एक संघ नियमित हंगामात ५६ पर्यंत सामने खेळतो. साधारण शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका आणि मध्ये आठवड्यात एखादा सामना. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरमधला सराव आणि हिवाळ्यातला व्यायाम. जे संघ शेवटपर्यंत टिकतात, ते जूनमध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सिरीज खेळतात. एका संघात ३५ ते ४० मुलं, आणि त्यातली जवळपास निम्मी पिचर.

आजच्या मैदानावर यंत्रं भरपूर आहेत. रडार आणि कॅमेरे चेंडूचा वेग, मिनिटाला किती फेरे घेतो, किती इंच वळतो, हे सगळं क्षणात पडद्यावर दाखवतात. पण आकडा दिसणं आणि तो बदलता येणं यात अंतर आहे. चेंडू पुरेसा वळत नाही हे यंत्र सांगतं. त्यासाठी मधलं बोट शिवणीवर किती दाबायचं, हे शेजारी उभा असलेला माणूस सांगतो, कारण तेच शिकायला त्याने स्वतः तीन वर्षं घालवलेली असतात.

याहून महत्त्वाचं आणखी एक काम असतं, ते पदाच्या वर्णनात कधी लिहिलेलं नसतं. १९ वर्षांच्या मुलाचं कोपर दुखायला लागतं तेव्हा तो सहसा बोलत नाही. बोललो तर संघातली जागा जाईल, ड्राफ्टसाठी बघायला आलेली माणसं परत जातील, ही भीती असते. ज्याने स्वतः असंच दुखणं लपवलं आणि नंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचला, त्याला हे लपवणं ओळखता येतं. फेकण्याआधी मुलगा हात कसा झटकतो, दोन चेंडूंच्या मध्ये किती वेळ घेतो, यावरून त्याला कळतं. 'आज बस झालं' हे मुख्य प्रशिक्षकाला वेळेवर सांगणारा माणूस तिथे आहे की नाही, यावर त्या मुलाची पुढची पाच वर्षं अवलंबून असू शकतात. कुठल्याही संघासाठी हे मोलाचं काम आहे. त्याचा मोबदला मात्र नियमाने शून्य ठरवलेला होता.

नियमात नेमकं काय लिहिलेलं होतं?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार 'एनसीएए' ही राष्ट्रीय संघटना पाहते. विद्यापीठं तिची सदस्य असतात आणि नियम त्यांच्याच मतांनी ठरतात.

बेसबॉलसाठीचा नियम असा होता : तीन पगारी प्रशिक्षक आणि एक स्वयंसेवक. या स्वयंसेवकाला विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून, किंवा त्या विभागाच्या पैशांवर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेकडून, मोबदला घेता येत नव्हता. मिळायचं ते इतकंच : घरच्या मैदानावरच्या सामन्यांची जास्तीत जास्त दोन मोफत तिकिटं आणि संघाच्या कार्यक्रमांच्या वेळचं जेवण. नव्या खेळाडूंना भेटायला आणि पारखायला विद्यापीठाबाहेर जाण्याचीही त्याला मुभा नव्हती. प्रशिक्षक म्हणून नाव होण्यासाठी हेच काम सर्वांत महत्त्वाचं मानलं जातं, त्यामुळे शिडीची ती पायरीही त्याच्यासाठी बंद होती.

मग घर कसं चालायचं? उन्हाळ्यात विद्यापीठं शाळकरी मुलांसाठी शिबिरं घेतात, तिथे शिकवून काही पैसे मिळायचे. बाकीचे खासगी शिकवण्या घ्यायचे किंवा मैदानाबाहेर एखादी अर्धवेळ नोकरी धरायचे. पगाराबरोबर आरोग्य विमा आणि निवृत्तीची तरतूदही नसायची. अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेक करून नोकरीशी जोडलेला असतो, त्यामुळे ही उणीव लहान नव्हती.

पैसे नव्हते, म्हणून नियम होता का?

नियमाच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. एक म्हणजे खर्च. बहुतेक विद्यापीठांत बेसबॉल तोट्यात चालतो. फुटबॉल आणि बास्केटबॉल जे कमावतात, त्यावर बाकीचे खेळ पोसले जातात. दुसरी म्हणजे समानता. श्रीमंत विद्यापीठांनी हवे तितके प्रशिक्षक नेमले, तर लहान विद्यापीठं मागे पडतील. या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. उत्तरेकडच्या थंड राज्यातल्या छोट्या विद्यापीठासाठी एका पगाराचा बोजा खरोखर मोठा असू शकतो.

पण दुसरी बाजू बघा. आघाडीच्या काही विद्यापीठांत बेसबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाचा वार्षिक पगार १० लाख डॉलरच्या पुढे गेलेला होता. एनसीएएचं स्वतःचं वार्षिक उत्पन्न २०२२ मध्ये १०० कोटी डॉलरच्या वर होतं. त्याच काळात फुटबॉलच्या संघाला मुख्य प्रशिक्षकाशिवाय १० पगारी सहायक नेमता येत होते. म्हणजे काटकसर होती, पण ती मुख्यतः रांगेत सगळ्यात खाली उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला आली होती.

कायद्याचा प्रश्नही इथेच येतो. समजा, एखाद्या शहरातल्या सगळ्या रुग्णालयांनी एकत्र बसून ठरवलं की प्रत्येक वॉर्डातल्या चौथ्या परिचारिकेला कुणीही पगार द्यायचा नाही. एखाद्या रुग्णालयाला परवडत नसेल तर त्याने ती जागा भरू नये, ते समजू शकतं. पण ज्याला परवडतं आणि ज्याला चांगली परिचारिका हवी आहे, त्यालाही बाकीच्यांनी बांधून टाकलं तर? एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मालकांनी मिळून मजुरी ठरवणं अमेरिकेच्या १८९० च्या शर्मन कायद्याखाली, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली, बेकायदा ठरू शकतं.

आणि हे एनसीएएला आधी कळलेलं होतं. १९९१ मध्ये खर्चकपातीसाठी तिने 'मर्यादित वेतन प्रशिक्षक' असं एक पद आणलं होतं. फुटबॉल सोडून डिव्हिजन वनच्या बाकी खेळांत या पदावरच्या माणसाला वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर देता येत. प्रशिक्षकांनी खटला भरला आणि जिंकला. १९९८ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला आणि १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. १६ हजारांची मर्यादा बेकायदा ठरली. पण शून्याची मर्यादा त्यानंतरही सुमारे पाव शतक चालू राहिली. तिला 'मर्यादा' म्हणत नव्हते, 'स्वयंसेवा' म्हणत होते, हेही त्याचं एक कारण असावं.

एकाच पदावर दोन प्रकारची माणसं कशी?

या शब्दामुळे आणखी एक गफलत व्हायची. या पदावर खरेखुरे स्वयंसेवकही असायचे.

सॅन डिएगो पाड्रेसचा महान फलंदाज टोनी ग्विन २००१ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर तो आपल्या जुन्या कॉलेजात, सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात, स्वयंसेवक प्रशिक्षक म्हणून गेला. पुढच्याच हंगामापासून तो मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०१४ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्या हाताखाली खेळलेला पिचर स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. दुसरं नाव ट्रॉय टुलोविट्स्कीचं. हा शॉर्टस्टॉप जुलै २०१९ मध्ये निवृत्त झाला आणि टेक्सास विद्यापीठात स्वयंसेवक सहायक प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. टोरोंटो ब्लू जेज संघाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्याला मोकळं केलं, तेव्हा करारापोटी त्याचे सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर देणं बाकी होतं. अशा माणसाला पगाराची चिंता नसते. तो खेळावरच्या प्रेमापोटी येतो, आणि त्याच्यासाठी 'स्वयंसेवक' हा शब्द अगदी बरोबर आहे.

पण त्याच यादीत, त्याच पदनामाखाली, मायनर लीगमधून परतलेला पिचरही असायचा. महिनाअखेरीचं भाडं कसं द्यायचं याची गणितं तो करत असायचा. बाहेरून बघणाऱ्याला दोघं सारखेच दिसायचे. नियमाचं समर्थन करताना ग्विनसारखी नावं सहज डोळ्यांसमोर यायची, पण नियमाचा भार दुसऱ्यावर पडायचा.

त्याचा परिणाम फक्त त्या माणसापुरता नव्हता. फुकट काम किती वर्षं करता येईल, हे घरून किती मदत मिळते यावर ठरतं. ज्याच्या आईवडिलांना किंवा पत्नीला घरखर्च उचलता येतो, तो तीन वर्षं थांबतो आणि शेवटी पगारी जागेवर पोहोचतो. ज्याला ते शक्य नाही, तो सहा महिन्यांत दुसरी नोकरी शोधतो. म्हणजे पुढचा पगारी प्रशिक्षक कोण होणार, याची पहिली चाळणी गुणांची नसून खिशाची होती. मुलांच्या शेजारी उभं राहून 'तुझा हात दुखतोय ना?' असं विचारू शकणारी किती माणसं या चाळणीतून गळून गेली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

मग हे बदललं कसं?

सहज बदललं नाही. बेसबॉल प्रशिक्षक तिसऱ्या पगारी सहायकाची मागणी बरीच वर्षं करत होते. एप्रिल २०१९ मध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉलसाठी तसा प्रस्ताव एनसीएएच्या डिव्हिजन वन परिषदेपुढे मतदानाला आला आणि फेटाळला गेला. तो मंजूर झाला असता, तरी कुणावर पगार देण्याची सक्ती होणार नव्हती. ज्याला द्यायचा आहे त्याला फक्त मुभा मिळाली असती.

दोन वर्षांनी हवा बदलली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ऑल्स्टन' खटल्यात ९ विरुद्ध ० असा निकाल दिला. विद्यार्थी-खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादा त्याने बेकायदा ठरवल्या. हा निकाल प्रशिक्षकांबद्दल नव्हता. पण आपण कॉलेजचे खेळ चालवतो म्हणून मक्तेदारीविरोधी कायद्यातून आपल्याला खास सूट आहे, ही एनसीएएची भूमिका त्यामुळे फार कमकुवत झाली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये माजी स्वयंसेवक प्रशिक्षकांनी कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. त्यांचं म्हणणं साधं होतं : आम्ही पूर्णवेळ काम केलं, विद्यापीठांना आमची गरज होती, आणि आमची मजुरी शून्य ठेवायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी २०२३ मध्ये, एनसीएएने डिव्हिजन वनमधलं 'स्वयंसेवक प्रशिक्षक' हे पदच रद्द करायचा निर्णय घेतला. तो १ जुलै २०२३ पासून लागू झाला आणि बेसबॉलमध्ये चौथ्या प्रशिक्षकालाही पगार देण्याचा मार्ग मोकळा झाला.

मागच्या वर्षांचा हिशेब खटल्यात झाला. बेसबॉलच्या प्रशिक्षकांबरोबर एनसीएएने ४ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड केली. नोव्हेंबर २०१८ ते जुलै २०२३ या काळात काम केलेल्या सुमारे एक हजार जणांसाठी ही रक्कम आहे. बाकीच्या खेळांतल्या स्वयंसेवक प्रशिक्षकांचा दावा वेगळा होता. त्यात २०२५ मध्ये ३० कोटी ३० लाख डॉलरची तडजोड ठरली.

आता सगळं सुरळीत झालं का?

पूर्णपणे नाही. नियमाने पगार द्यायची परवानगी दिली, किती द्यायचा ते सांगितलं नाही. मोठ्या विद्यापीठांनी चौथी जागा चांगल्या पगारावर भरली. लहान ठिकाणी ती कमी पैशांत भरली जाते किंवा रिकामी राहते. ज्यांनी समानतेचा मुद्दा मांडला होता, त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती.

विद्यापीठांच्या पैशांवर आता नवे दावेदारही आहेत. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका मोठ्या तडजोडीमुळे विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देता येतात. बेसबॉलच्या संघासाठी ३४ खेळाडूंची मर्यादा आली आणि शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली. त्याआधी एका संघाला फक्त ११.७ शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि त्या २५-३० मुलांत वाटाव्या लागायच्या. खेळाडूंना हक्काचे पैसे मिळू लागले ही चांगलीच गोष्ट आहे, पण प्रशिक्षकाचा पगारही त्याच तिजोरीतून जातो.

आणि डिव्हिजन वनच्या बाहेर, छोट्या कॉलेजांत आणि शाळांत, आजही कितीतरी माजी पिचर फुकट शिकवतात. दिवसा नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतात. त्यात गैर काही नाही. तिथे संस्थेकडे खरोखर पैसे नसतात, येणारा आपल्या सवडीने येतो आणि नको वाटलं तर थांबतो. सेवा आणि नोकरी यांतला फरक इथे दिसतो. काम ठरलेल्या वेळेचं आहे का, ते न केल्यास जागा जाते का, त्या कामातून दुसरं कुणी कमावतं का, हे प्रश्न विचारले की स्वयंसेवक कोण आणि बिनपगारी कर्मचारी कोण, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

डिव्हिजन वनमधल्या त्या पिचरच्या बाबतीत या सगळ्या प्रश्नांची उत्तरं उघड होती. त्याला त्याचं काम आवडायचं, यातही शंका नाही. त्या आवडीवर इतरांनी इतकी वर्षं पैसे वाचवले होते. आता तोच माणूस फेब्रुवारीच्या थंडीत त्याच कुंपणाआड उभा असतो, तेच काम करतो आणि महिनाअखेरीला त्याच्या खात्यात पगार जमा होतो. शेजारी फेकणाऱ्या मुलासाठी यात एक साधा फायदा आहे. त्याच्या कोपराची भाषा समजणारा माणूस पुढच्या हंगामातही तिथे असण्याची शक्यता आता थोडी वाढली आहे.